लाल झाकणाचा डबा

दुकानदारानं प्रायमरची डबी काउंटरवर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही.

"माणशी एकच. पुढचा माल कधी येईल, मला विचारू नका."

"एकच द्या," जयंत म्हणाला आणि त्यानं आपला परवाना पुढे केला.

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडात बसवायची छोटी टिकली. घोडा ओढला की तिच्यावर ठोका बसतो, ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. टिकली नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. गेले आठ महिने कुठेच मिळत नव्हत्या. जयंतच्या मागे अजून सहा जण उभे होते. एक जण वॉटफर्डहून आला होता. सगळे साठीच्या पुढचे, आणि सगळ्यांकडे सैन्यानं कधीकाळी मोडीत काढलेल्या जुन्या रायफली.

"मी रायफल घेतली तेव्हा बायको म्हणाली, महाग आहे," वॉटफर्डचा माणूस म्हणाला. "आता रायफल विकली तर दोन महिने गोळ्या येतील. मग त्या फेकून मारायच्या."

सगळे हसले. जयंतही हसला. हे लीलाला सांगायचं, असं त्यानं ठरवलं.

त्याची बायको लीला दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. छातीत भरून आलं होतं. उद्या सोडतो, असं डॉक्टर म्हणाले होते. सकाळी तिनंच त्याला उठवून लावलं होतं.

"माझ्या तोंडाकडे बघत काय बसलाय? त्या दुकानात प्रायमर आलेत म्हणे. जा. दुपारपर्यंत संपतील."

"आज नको गं."

"अहो, मी कुठे पळून जातेय? जा."

दुकान शेतात होतं. तिथे सिग्नल नसे, म्हणून फोन त्यानं गाडीतच ठेवला होता. डबी कोटाच्या खिशात घालून तो मोठ्या रस्त्याला लागला, तेव्हा फोन वाजायला लागला आणि थांबेना. त्यानं गाडी कडेला घेतली. मुलीचे, तनूचे, अकरा मिस्ड कॉल होते.

"बाबा, तुम्ही कुठे होता?" तनूचा आवाज बसला होता. "आई गेली. पावणेअकराला गेली."

जयंतनं गाडीतलं घड्याळ पाहिलं. साडेअकरा वाजले होते. पावणेअकराला तो हसत होता.

हे मार्चमधलं. त्यानंतर त्यानं रायफल कपाटातून काढली नाही. रायफल दोघांच्याही परवान्यावर होती. पोलिसांकडून एक बाई आली, तिनं लीलाचं नाव कमी केलं, कपाटाचं कुलूप तपासलं, चहा घेतला आणि गेली. प्रायमरची डबी त्याच कपाटात वरच्या फळीवर होती. तिचं सील तसंच होतं.

पुढच्या फेब्रुवारीत नेमबाजी क्लबच्या सेक्रेटरीचा, ग्रॅहमचा फोन आला.

"जयंत, मला हा फोन करायला आवडत नाही."

"मग करू नकोस."

"वर्षभर कुणी रेंजवर आलं नाही, तर मला पोलिसांना कळवावं लागतं. तुझं वर्ष या महिनाअखेर पूर्ण होतं. तू रायफल वापरतच नाहीस असं त्यांना दिसलं, तर पुढच्या वेळी परवान्यावर ती ठेवणार नाहीत. एकदा ये. पाच गोळ्या झाड, रजिस्टरात सही कर."

"गोळ्या कुठायत?"

"लीलानं भरलेल्या असतील ना थोड्या?"

"आहेत थोड्या."

"दुकानात तर नाहीत. मी स्वतः नोव्हेंबरपासून नंबर लावून बसलोय."

जयंतनं फोन ठेवला आणि कपाट उघडलं. दोन प्लास्टिकचे डबे होते. निळ्या झाकणाचा त्याचा, लाल झाकणाचा लीलाचा. निळ्यात चार काडतुसं होती. लाल डबा भरलेला होता, वीस.

डबे वेगळे करायची कल्पना लीलाची. "कुणी किती उडवल्या, यावरून भांडण नको," असं ती म्हणाली होती. झाकणाच्या आत ती एक कागद चिकटवायची आणि प्रत्येक खेपेला त्यावर बारीक अक्षरात आकडा लिहायची. जयंत काडतुसं मोजायचा. आकडे त्यानं कधी वाचले नव्हते.

लीलाचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. तरी जयंतनं रिटायर होणाऱ्या एका फोरमनकडून ही रायफल घेतली, तेव्हा तिनं आठवडाभर अबोला धरला. मग एका शनिवारी ती जेवणाचा डबा द्यायला रेंजवर आली. पायाशी पडलेली काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी तिनं उचलली आणि उलटी करून बूड पाहिलं. तिथे के आणि एफ अशी दोन अक्षरं होती.

"हे खडकीचं आहे," ती म्हणाली. "आमच्या बाबांच्या फॅक्टरीतलं."

त्या वर्षी तिनं स्वतःचा परवाना काढला. पुढच्या वर्षी ती जयंतपेक्षा चांगला नेम मारायला लागली.

तेव्हा सैन्याची जुनी काडतुसं पेट्यांनी मिळत. मग ती संपली. कारखान्यातली नवी इतकी महाग झाली की प्रत्येक बाराला तोंडातून शिवी निघायची. तेव्हा लीला घरी काडतुसं भरायला शिकली. तिची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या फार्मसीत झाली होती, बारीक वजनाची तिला भीती नव्हती. रिकाम्या पुंगळ्या घासून, धुऊन, वाळवून द्यायच्या त्या जयंतनं. भरायच्या लीलानं. रविवारी सकाळी ती किचनच्या टेबलावर काटा मांडायची, खिडकी लावून घ्यायची, म्हणजे वाऱ्यानं पारडं हलायला नको.

"आता माझ्याशी बोलू नका," असं सांगून ती बसायची.

जयंत मागच्या खोलीत पेपर वाचायचा. पान उलटलं तरी आवाज होऊ देत नसे. काडतुसं भरायला तो कधी शिकला नाही. कशाला शिकायचं?

शनिवारी सकाळी तनू आली. ती बर्मिंगहॅमला राहायची आणि महिन्यातून एकदा यायची. बाबांनी रायफलची पिशवी हॉलमध्ये काढून ठेवलेली पाहून तिनं कोट काढलाच नाही.

"बाबा, ती रायफल अजून कशाला ठेवायची घरात? डीलरला देऊन टाका ना. मी फोन करते."

"आज रेंजवर जायचंय."

"तुमचा खांदा?"

"खांद्याला काय झालंय? तीन वर्षं झाली ऑपरेशनला. पहिल्या दिवसापासून एकदम नवा आहे."

तनू हसली. "आई म्हणायची, तुझ्या बाबांचा खांदा फक्त क्लबमध्ये नवा असतो, भाजीची पिशवी उचलताना जुना होतो."

"कधी म्हणाली?"

"नेहमीच."

तनूनं त्याला गाडीनं बिझ्लीच्या रेंजवर सोडलं आणि ती कॉफी प्यायला गेली. रेंजवर वारा नव्हता. टारगेटच्या मागचा मातीचा बांध ओला आणि काळा दिसत होता. ग्रॅहम आज रेंज ऑफिसर होता. त्यानं जयंतचा हात जरा जास्त वेळ धरला आणि मग शेवटच्या टेबलाकडे बोट दाखवलं. ते दोघांचं नेहमीचं टेबल. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा खाली वाकून आपल्या रिकाम्या पुंगळ्या वेचत होता.

"सोनं सांडलंय का?" ग्रॅहमनं त्याला विचारलं.

"सोनं परवडलं असतं," म्हातारा म्हणाला.

जयंत टेबलाशी बसला. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली. आधी निळ्या डब्यातली चार. मग एकच लालमधलं. त्यानं हे रात्रीच ठरवलं होतं. पाच झाली की पुरे. लालमधली एकोणीस तशीच राहतील. ती कधी वापरायची नाहीत, हेही त्यानं ठरवलं होतं.

पहिली गोळी सुटली. खांद्यावर ओळखीचा मऊ धक्का बसला. दुसरी, तिसरी, चौथी. दुर्बिणीतून पाहिलं तर चारही भोकं टारगेटच्या मधल्या काळ्या गोलात होती. ऑपरेशननंतर त्याच्या गोळ्या खाली बसायला लागल्या होत्या. रायफल म्हातारी झाली, असं म्हणून त्यानं नेमाची पट्टी वर सरकवून घेतली होती. लीला तेव्हा बाजूला उभी होती. काही बोलली नव्हती.

त्यानं लाल झाकण उघडलं. पहिल्या ओळीतलं कोपऱ्यातलं काडतूस काढलं. दिसायला तसंच होतं. बोल्टचा दांडा पुढे ढकलून ते नळीत बसवलं, श्वास सोडला आणि घोडा ओढला.

रायफलनं खांद्यावर लाथ मारावी तसा दणका दिला. जयंतच्या तोंडातून आवाज निघाला. त्यानं हात वर केला. ग्रॅहमनं लगेच शिट्टी वाजवली, सगळी रेंज थांबली, आणि तो जवळजवळ पळत आला.

"काय झालं?"

"काहीतरी चुकलंय. दारू जास्त पडली असणार यात." जयंत खांदा दाबून धरत होता. "तिच्या हातून असं व्हायचं नाही. तब्येत बरी नव्हती तेव्हा भरलं असेल."

ग्रॅहमनं बोल्ट मागे घेतला, पुंगळी बाहेर काढली आणि उजेडात फिरवून पाहिली. बूड पाहिलं, तोंड पाहिलं. मग टेबलावरच्या चार पुंगळ्यांपैकी एक उचलून तिच्याशेजारी धरली.

"यात काहीही चुकलेलं नाही," तो म्हणाला. "ही रायफल अशीच मारते. माझीही अशीच मारते."

"मग आधीच्या चार?"

ग्रॅहमनं दोन्ही पुंगळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. निळ्या डब्यातल्या पुंगळीच्या मानेला काजळी धरली होती. लाल डब्यातली स्वच्छ होती.

"दारू कमी भरली की अशी काजळी येते. पितळ फुगत नाही नीट, धूर मागे येतो."

काजळी जयंतच्या चांगली ओळखीची होती. ऑपरेशननंतर, लीला होती तोवर, तो तीच घासत होता. जुन्या टूथब्रशनं, व्हिनेगरच्या पाण्यात. "तुझ्या या स्वस्तातल्या दारूत कचरा आहे," असं तो दर रविवारी लीलाला म्हणायचा. "इतकी काटकसर करतेस, गोळ्यासुद्धा खाली पडतात."

"महाग झालीय हो सगळीकडे," ती म्हणायची. "जरा जपूनच भरते."

ग्रॅहम अजून उभा होता.

"तुला माहीत होतं?" जयंतनं विचारलं.

ग्रॅहमनं बांधाकडे पाहिलं. "आवाज वेगळा येतो. इथल्या सगळ्यांना माहीत होतं." मग तो म्हणाला, "ऑपरेशननंतर तू परत आलास त्या दिवशी सगळ्यांना खांदा दाखवत फिरत होतास. कोण सांगणार?"

त्यानं शिट्टी वाजवून रेंज पुन्हा सुरू केली आणि रजिस्टर आणून दिलं. जयंतनं सही केली.

टारगेटवर चार भोकं मधल्या गोलात होती. पाचवं कागदाच्या वरच्या कडेला होतं.

परत येताना तनू गाडी चालवत होती. जयंतनं दोन्ही डबे मांडीवर घेतले आणि झाकणं उघडली. लाल झाकणातल्या कागदावर दारूच्या वजनाचा एकच आकडा होता, बाकीच्या ओळींत फक्त तारखा आणि खाली टिंबं, म्हणजे तेच. निळ्या झाकणातल्या कागदावर अकरा आकडे होते, एकाखाली एक. पहिला त्याच्या ऑपरेशननंतर चार महिन्यांनी लिहिलेला. तो लालपेक्षा बराच कमी होता. दुसरा पहिल्यापेक्षा किंचित जास्त. तिसरा दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त. प्रत्येक आकड्यावर आडवी रेघ होती. शेवटच्यावर नव्हती. तो लालकडे सरकत आला होता, पण पोचायला अजून बरंच अंतर होतं.

"काय वाचताय?" तनूनं विचारलं.

"आईचं अक्षर."

"खांदा दुखतोय का?"

"हो," जयंत म्हणाला. "दुखतोय."

तनूनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. हे त्यानं तिला पहिल्यांदाच सांगितलं होतं. घराच्या दारात गाडी लावल्यावर ती म्हणाली, "सोमवारी मी डीलरला फोन करू का?"

"नको."

"मग गोळ्या कुठून आणणार?"

"आईचा काटा कुठे ठेवलाय तू?"

"वरच्या खोलीत, बॉक्समध्ये. तुम्हाला येतो लावायला?"

"नाही."

दुपारी त्यानं चारही काळ्या पुंगळ्या व्हिनेगरच्या पाण्यात टाकल्या, ब्रशनं घासल्या आणि टॉवेलवर उलट्या मांडल्या. पाचवी घासायची गरज नव्हती, तरी ती धुतली. तनूनं काटा खाली आणून टेबलावर ठेवला आणि न सांगता खिडकी लावून घेतली. जयंतनं कपाटातून प्रायमरची डबी आणली. ती काट्याशेजारी ठेवली. लीलाची पातळ वहीसुद्धा त्या बॉक्समध्ये निघाली. ती काढून तो वाचायला बसला. पहिल्या पानावर तिनं स्वतःसाठी लिहिलं होतं: घाईत भरायचं नाही. लक्ष दुसरीकडे असेल त्या दिवशी भरायचं नाही.

त्यानं वही मिटली.

हे होऊन तीन आठवडे झाले. काटा टेबलावर आहे, जयंत जेवायला बाजूला बसतो. वही त्यानं दोनदा वाचली आहे. लाल डब्यात एकोणीस काडतुसं आहेत. निळा डबा रिकामा आहे. प्रायमरच्या डबीचं सील त्यानं अजून फोडलेलं नाही, आणि निळ्या झाकणातल्या कागदावर बारावा आकडा लिहायचा राहिला आहे.