गोकर्णाचा निळा

शुभाबाईंनी लिंबू पिळलं, पण कागद निळाच राहिला.

समोर जुहूच्या हॉटेलातल्या दुकानाची दोन माणसं उभी होती. गोकर्णाच्या फुलांनी रंगवलेल्या कागदावर लिंबू पिळलं की निळ्याचा जांभळा होतो, हा शुभाबाईंचा ठरलेला खेळ. गिऱ्हाईक 'वा वा' करतं आणि ऑर्डर देऊन जातं. आज त्यांनी दुसरी फोड पिळली, तिसरी पिळली. कागदावर नुसता ओला डाग पडला.

लगद्याच्या हौदापाशी उभा असलेला काशीराम गालातल्या गालात हसला. पिळा म्हणावं, आणखी पिळा.

तुच्छ लेखण्यात काशीरामचा हात कोणी धरला नसता. शुभाबाईंच्या ह्या चारकोपच्या कागदाच्या गाळ्यातलं त्याला काहीच पटत नव्हतं. वसईहून केळीचे खुंट यायचे. ते शिजवायचे, कुटायचे, लगदा जाळीवर उचलायचा, फडक्यावर उलटायचा, वाळवायचा. एवढा खटाटोप करून हाती काय, तर खरबरीत पान. वाण्याने त्यात जिरंसुद्धा बांधलं नसतं. आणि रंग कसले? झेंडूचा, डाळिंबाच्या सालीचा, कुंपणावरच्या गोकर्णाचा. चार दिवस ऊन लागलं की विटून जायचे. शुभाबाई त्याला नैसर्गिक म्हणायच्या, काशीराम लबाडी म्हणायचा. गिरणीच्या रंगखात्यात त्याची उमर गेली होती. तिथे रंग उडाला तर मुकादम सगळ्यांदेखत आईमाई काढायचा.

संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. चाळीतला सीताराम त्याच खात्यातला. तो अजून 'आज ना उद्या चालू होतली' म्हणत ओट्यावर बसून असायचा. त्या खुळ्याकडे काशीराम ढुंकूनही बघत नसे.

त्याला स्वतःची एकच गोष्ट सलत होती. गिरणीत असताना त्याची नखं कायम निळी असायची. जेवताना, देवाला हात जोडताना, लेकीच्या लग्नात अक्षता टाकतानासुद्धा. इथला रंग साबण लावला की जायचा. रंगाऱ्याचे हात कारकुनासारखे गोरे झाले, ह्याची त्याला मनापासून लाज वाटायची.

म्हणून गेल्या आठवड्यात त्याने माळ्यावरची गिरणीतली निळ्या रंगाची पुडी काढली. शुभाबाईंची फुलं गटारात टाकली आणि लगद्यात तो रंग मिसळला. तेव्हा नखांवर दिसेल ह्या भीतीने काठीने ढवळला होता. आज सकाळी दुसऱ्या खेपेला मात्र राहवलं नाही. सरळ कोपरापर्यंत हात घातले.

गिऱ्हाईक गेलं. शुभाबाई हौदापाशी आल्या आणि त्यांची नजर त्याच्या नखांवर गेली.

"काशीराम, काय घातलंत ह्यात?"

"रंग."

"गोकर्णाचा?"

"तो काय रंग हाय बाई? सरबत हाय ते. मी पक्का रंग घातला. वर्षभर उन्हात टांगा, हलला तर नाव बदलीन."

"पक्का मागितला होता कोणी? ते लोक मला खोटारडी समजून गेले. पार वाट लावलीत माझी!"

"उडणाऱ्या रंगाला वा वा करणारी माणसं ती. त्यांना काय कळतंय?"

"तुम्हाला फार कळतं ना? मग गिरणीतच जा. इथे उद्यापासून येऊ नका."

गिरणीत जा म्हटल्यावर काशीरामने फडक्याला हात पुसले. त्याने डबा उचलला आणि तो निघाला.

बसमध्ये मात्र त्याने दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले. बघू दे लोकांना. बोरिवलीला चाळीच्या नळावर त्याने साबण लावून पाहिला. रंग जरासुद्धा हलला नाही. नोकरी गेलेल्या दिवशी त्याला बरं वाटत होतं.

सीताराम बादली घेऊन आला. पाण्याखालचे हात बघून त्याने बादली खाली ठेवली.

"काशीराम, नखां निळी रे तुझी?"

काशीरामने हात पाण्याबाहेर ओढले.

"चालू झाली? गिरण चालू झाली काय रे? आणि माका कोणी सांगूक नाय?" सीतारामचा आवाज फाटला. उत्तरासाठी तो थांबलाच नाही. बादली तिथेच टाकून खोलीकडे धावत सुटला. "अगो, माझो डबो खंय आसा? घासून ठेव!"

खुळा, एवढंच म्हणायचं होतं. काशीरामच्या तोंडून ते निघालं नाही. आत भांडी वाजली. सीतारामची बायको मोठ्याने रडत होती की हसत होती, ते कळेना.

काशीरामने नळाजवळचा दगड उचलला आणि सीताराम बाहेर यायच्या आत नखं घासायला लागला. जीव खाऊन घासत राहिला. रंग पक्का होता.