टेबलफॅनची जाळी आणि सम्यकचं डोकं

अमेरिकन फुटबॉल आमच्या अंबरनाथच्या कॉलेजात आला तो मोबाईलमधून. नियम पोरांनी व्हिडिओ बघून पाठ केले. हेल्मेटं उल्हासनगरला, कॅम्प चारच्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतली. स्कूटरचं हेल्मेट, पुढे टेबलफॅनची जाळी वेल्ड केलेली. "एकदम ओरिजिनल कॉपी," वर्कशॉपवाला म्हणाला. ते डोक्यावर चढलं की गरीब पोरगंही एडका व्हायचं आणि समोरच्याला डोक्यानेच हाणायचं.

मागच्या मॅचला सम्यक टेंगूळ घेऊन घरी गेला. म्हणून आज खरवईच्या मैदानावर त्याची आई यशोधरा एमआयडीसीतल्या कंपनीतून हाफ डे टाकून हजर होती.

"डोक्याला अजून एक फटका बसला तर हा खेळ बंद. कायमचा."

"आई शप्पथ, नाय बसणार," सम्यक म्हणाला.

समोर बदलापूरचं कॉलेज. रेफ्री हरिचंद्र सर. सरांचा अख्खा जन्म कबड्डीत गेलेला, पण गावात शिट्टी त्यांच्याकडेच होती.

सम्यक बॉल बगलेत मारून पळत सुटला. बदलापूरचा सनी डोकं खाली घालून आला आणि ठण्ण! जाळीत जाळी अडकली. दोघं ओढाताण करून सुटले, आणि सम्यक मटकन खाली बसला.

डोक्याने मारणारा बाहेर, हा नियम सगळ्यांना माहीत. सगळं मैदान सरांकडे बघायला लागलं. सरांनी जोरात शिट्टी फुंकली आणि हात केला सम्यककडे.

"पकडला गेला. आऊट!"

"ओ सर, मार त्याने खाल्लाय!"

"मग? मधल्या रेषेला हात लावला का त्याने?"

"सर, ही कबड्डी नाय!"

"सर, मारलं मीच," सनी बोलला. "मला काढा ना."

"सन्या, गप रे! तेरे को किसीने पूछा क्या?" त्याचा कॅप्टन ओरडला.

तेवढ्यात यशोधरा मैदानात. आधी पोराकडे.

"माझं नाव सांग."

"आई."

"पूर्ण!"

"यशोधरा महेंद्र... आई, लोक बघतायत ना."

तिने त्याला हाताला धरून बाहेर बसवलं, पाणी दिलं. मग परत आत जाऊन सनीच्या डोक्यावरचं हेल्मेट उपसलं.

"आता मार तशीच धडक."

"वेड लागलंय काय काकू? डोकं फुटेल माझं!"

बोलला आणि स्वतःच तिच्या हातातल्या हेल्मेटकडे बघायला लागला. सरांना तेवढ्यात सुटायची वाट सापडली.

"मॅच पुढे चालू! पण हेल्मेटं काढा सगळ्यांनी!"

हेल्मेटांचा ढीग पडला. त्यानंतर असला सभ्य खेळ झाला की विचारू नका. एकाने तर पकडायच्या आधी "येऊ का?" असं विचारलं.

बाहेर सम्यक आईच्या शेजारी तोंड पाडून बसलेला.

"मग आता बंद?"

"आधी डॉक्टरला दाखवू. तो हो म्हणाला तर बघू."

यशोधराच्या तोंडून 'बघू' त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तो काही बोलणार, तोच ती ताडकन उभी राहिली.

"ए सन्या! डोकं वर ठेव! कमरेत पकड त्याला, कमरेत!"

"आई, तो समोरच्या टीमचा आहे."

"असू दे. पोरगं चांगलं खेळतंय."