एकशे वीस ग्रॅम

गुंडीचं पोट पाचव्यांदा बिघडलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि काटेवाल्याकडे नुसत्याच बघत राहिल्या.

"काका, मला खरं सांगा. घरात कुणी लपून काही देतं का हिला?"

"घरात कुणीच नाही," तो म्हणाला. "मी आणि ही."

"दूध?"

"तिच्या ताटलीत दुधाचा थेंब पडत नाही. वहीत बघा ना."

वहीत बघण्यासारखंच होतं. माणूस वजनकाटे दुरुस्त करणारा, चाळीस वर्षं सुई शून्यावर आणण्यात गेलेली. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या वेळी सांगितलं होतं, की मऊ भात, उकडलेली बिनहाडांची कोंबडी आणि चमचाभर भोपळा द्यायचा, मीठ नाही, मसाला नाही, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. दुसरं कुणी अंदाजानं वाढलं असतं. यानं दुकानातला छोटा काटा घरी आणला. भात चाळीस ग्रॅम, कोंबडी वीस, भोपळा पाच. चारही वेळचं वहीत. शेजारच्या रकान्यात पोटाची हकिगत, तीही न लाजता लिहिलेली.

"वही तर बँकेत ठेवण्यासारखी आहे," बाई म्हणाल्या. "पण पिल्लू सुकत चाललंय. या वयात तीन किलो हवं, हे दोनसुद्धा नाही. आणखी एकदा-दोनदा असं झालं तर टिकणार नाही ते. मी उगाच घाबरवत नाहीये."

गुंडी टेबलावर पाय पसरून उभी होती. शर्टाच्या गुंडीएवढं काळं नाक. त्या नाकावरूनच बायकोनं तिचं नाव ठेवलं होतं. दुकानामागे खोक्यांच्या ढिगात सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू तिनं ओढणीत गुंडाळून आणलं, आणि "राहू दे की हिला, तुझ्यापेक्षा कमी बोलते," असं म्हणून विषय संपवला. त्यानंतर एकोणीस दिवसांनी ती स्वतःच संपली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, दुपारी नव्हती.

पिशवीतून पिल्लू घेऊन तो घरी निघाला. डॉक्टरीणबाईंना तो खोटं बोलला नव्हता. ताटलीत थेंब पडत नव्हता, हे खरंच होतं. दूध कपात होतं.

एकतीस वर्षं बायको रोज सकाळी कपभर दूध गरम करून, साखर घालून, खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीशेजारी तिपाईवर ठेवायची. लगेच कधी प्यायची नाही. "निवू दे. तू नीघ, मग मी निवांत पिते," म्हणायची. तो दुकानात जायचा. दुपारी जेवायला यायचा तेव्हा कप रिकामा. तिला दूध पिताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं पाहिला तो फक्त रिकामा कप.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी सवयीनं त्याच्या हातून दूध गरम झालं. साखर पडली. कप तिपाईवर गेला. दुपारी तो तसाच भरलेला होता. त्यानं मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला. वेड्यासारखं आहे हे त्याला कळत होतं, पण सकाळी हात रिकामे राहिले की त्यांचं काय करायचं ते त्याला सुचत नसे.

असे तीन आठवडे गेले. मग एका दुपारी कप रिकामा सापडला.

तो दारातच उभा राहिला. चपला काढायच्याही राहिल्या. तिपाई जागेवर, कप जागेवर, कान खिडकीकडे, तो ठेवून गेला होता तसाच. बाहेरून भाजीवाल्याची हाळी येत होती. खुर्चीची गादी मधोमध जराशी दबलेली होती. "आलीस होय," तो म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजानं त्याच्या अंगावर काटा आला. गुंडी पलंगाखालून शेपटी हलवत आली. पिल्लाचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, पण त्यानं त्याला बसायला जागा दिली नाही.

त्या संध्याकाळी गुंडीचं पोट पहिल्यांदा बिघडलं.

मग हे सुरूच राहिलं. आणि त्यातल्या एका गोष्टीनं, बायकोच येऊन पिऊन जाते, अशी त्याची खात्रीच पटवली. गुंडी आजारी असली की कप भरलेला राहायचा. दोन दिवस, तीन दिवस कुणी हात लावायचं नाही. भात-कोंबडीवर पिल्लू सावरलं, उड्या मारायला लागलं की कप पुन्हा रिकामा. तिचं पिल्लू दुखण्यात असताना तिच्या घशाखाली दूध कसं उतरेल, असा त्यानं त्याचा अर्थ लावला. असलं काही कुणाला सांगायचं नसतं, तेवढं त्याला कळत होतं. पण पिल्लाला तो आणखी जपायला लागला. गुंडी बरी झाली तरच ती येणार.

पाचव्या दुखण्यातून गुंडी उठली. तिसऱ्या दिवशी तो दुपारी घरी आला तर दार उघडं. मेव्हणी आली होती. तिच्याकडे एक किल्ली असायची; आठवड्यातून एकदा येऊन ती घर आवरून जायची. ती मोरीपाशी कप हातात धरून उभी होती.

"भावोजी, तुम्ही दूध कधीपासून प्यायला लागलात? दुधाचं नाव काढलं की तोंड वाकडं करायचात."

"असंच. ताकद नाही राहिली."

"आणि साय पण खाल्लीत? कप बघा, आरशासारखा लख्ख." ती हसली. "ताई साय कपालाच चिकटवून ठेवायची. तिला शिसारी यायची सायीची. लग्नाआधी तिचे कप घासून घासून माझी नखं झिजली. मी म्हणायचे, एकदा हिला सासू भेटू दे चांगली खमकी."

त्यानं कप तिच्या हातून घेऊन कडेवरून बोट फिरवलं.

"तिचा शिवणाचा डबा मी खुर्चीला लावून ठेवलाय मागेच, बघितलात ना? कपाटात घालू का? पायात येत असेल."

"राहू दे," तो म्हणाला. मग म्हणाला, "कधी ठेवलास?"

"झाला की महिना."

ती गेल्यावर तो डब्याकडे बघत बसला. डब्यावरून खुर्ची, खुर्चीवरून तिपाई. पिल्लाला दोन पायऱ्या. आणि ती साय. पहिल्याच दुपारी कप लख्ख होता, कडेला साय नव्हती. ते त्यानं पाहिलं होतं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाच्या काट्यातली केसाएवढी चूक त्यानं सोडली नव्हती, आणि ही सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दूध काट्यावर मोजून कपात ओतलं. एकशे वीस ग्रॅम. मग गुंडीला टोपलीत घालून दुकानातून आणलेल्या मोठ्या काट्यावर ठेवलं, सुई थांबेपर्यंत तिच्या पाठीवर फुंकर घालत राहिला. एक किलो आठशे चाळीस. दोन्ही आकडे वहीत लिहिले, दार ओढून घेतलं आणि जिन्यात पायरीवर बसला.

"काय काटेवाले, किल्ली हरवली का?" वरच्या मजल्यावरची म्हातारी उतरता उतरता म्हणाली.

"नाही. पायाला जरा आराम."

आतून आवाज आला नाही. बारीक टकटक झाली असेल कपाची तिपाईवर, किंवा नसेलही. यावेळी कप भरलेला असू दे, असं त्याला वाटलं. आणि लगेच, रिकामा असू दे. त्याचं त्यालाच कळेना की त्याला काय हवंय. पाव तासानं त्यानं दार उघडलं.

कप रिकामा होता. गुंडी जिभेनं नाक चाटत होती.

त्यानं तिला टोपलीत घातलं. एक किलो नऊशे अठ्ठावन्न. एकशे अठरा वाढले होते. दोन ग्रॅम कमी पडत होते, आणि त्या दोन ग्रॅमसाठी त्याचा जीव क्षणभर अडकला. मग कप उचलून बघितला. तळाशी दुधाची ओल होती. काटा बरोबर होता.

वहीत त्यानं मागची पानं उलटली आणि महिनाभरात कप रिकामा सापडला त्या प्रत्येक दिवसापुढे कपाळाला आठ्या घालून तेच लिहिलं: दूध. मी दिलं. मग पिशवी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी वाचलं. रागावल्या नाहीत.

"घरात कुणी नाही म्हणालात," एवढंच म्हणाल्या.

"नाहीच आहे," तो म्हणाला.

पुढच्या सकाळी हात पुन्हा पातेल्याकडे गेले. दूध गरम झालं, साखर पडली. गुंडी डब्यावर पुढचे पाय ठेवून तयार उभी. त्यानं डबा उचलून कपाटात ठेवला, कप ओठाला लावला आणि तोंड वाकडं करून उभ्यानं सगळं पिऊन टाकलं. साय ओठाला लागली तशी त्यानं ती कपाच्या कडेलाच सोडली. कप तिपाईवर ठेवला. गुंडीला आजपासून पंचेचाळीस ग्रॅम भात, वीस कोंबडी, पाच भोपळा.

दुपारी दुकानातून आला. दुपारपर्यंत सकाळचं डोक्यातून गेलेलंच होतं. दार उघडलं आणि तिपाईवर रिकामा कप दिसला, कडेला साय चिकटलेली, अगदी तिच्या पद्धतीनं.

एका श्वासापुरता तो दारातच थांबला.

मग चपला काढल्या, आधी गुंडीचं पोट हातानं चाचपलं, मऊ होतं. कप त्यानं संध्याकाळपर्यंत घासला नाही.