गच्चीवरचं शेवाळ

माझ्या स्वयंपाकघरात डाग शोधून दाखवा, हे मी कुणालाही सांगेन. आणि आमच्या सूनबाईंनी गच्चीवर टबांत खारं पाणी भरून त्यात दगड ठेवलेले, उन्हात हिरवेगार व्हायला.

"हा काय पसारा मांडलायस?"

"आई, सर्जनसाठी शेवाळ वाढवतेय."

सर्जन म्हणजे ती नोकरी करते त्या मत्स्यालयातला नवा मासा. निळाशार, चपटा, शेपटीच्या बुडाशी दोन्ही अंगांना वस्तऱ्यासारखा काटा, म्हणून हे नाव. जाळ्यात धरला तर तो काटाच अडकतो, म्हणून तिने त्याला पारदर्शक डब्यातून अलगद हौदात सोडलं होतं. पण नव्या हौदाचं उद्घाटन जवळ आलं आणि तिच्या साहेबांनी त्यातले खडक घासून लख्ख करायला लावले. समुद्रात हा मासा दिवसभर प्रवाळांवरचं शेवाळ चरत हिंडतो. चकचकीत दगडावर बिचारा काय खाणार? तयार खाण्याला तो तोंड लावेना. पोट खपाटीला गेलं.

सूनबाई सरळ साहेबांकडे गेली. हे मला मुलाने सांगितलं, तिने नाही.

"उद्घाटनाला शेवाळलेले दगड? लोक हसतील," साहेब म्हणाले.

"हसू देत. मेलेला मासा बघून कोणी हसणार नाही."

"मग तुमच्या जबाबदारीवर. मासा गेला तर हा हौद दुसऱ्याकडे देईन."

नोकरीला अजून वर्षही झालं नव्हतं तिच्या. मी वरवर नाक मुरडत राहिले, पण त्या दिवसापासून गच्चीवर झाडूसुद्धा फिरकू दिला नाही. मुलाने टबात हात बुडवले, तर त्याला चांगलंच झापलं.

उद्घाटनाच्या सकाळी मीही तिच्याबरोबर गेले. माझ्यासमोरच तिने ते हिरवे दगड एकेक करून हौदात ठेवले. साहेब हाताची घडी घालून उभे. मासा लांबूनच फिरला, परत फिरला, मग एका दगडाला तोंड लावलं आणि वर बघायचंच विसरला. साहेबांनी घडी सोडली. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

दुपारी गर्दी लोटली. काचेपाशी माझ्या शेजारी एक नटलेल्या बाई होत्या.

"मासा काय सुरेख आहे," त्या म्हणाल्या, "पण दगड बघा किती घाणेरडे. कुणाचं लक्षच नाही."

"लक्ष आहे की," मी म्हटलं. "माझ्या सुनेचं. आणि ती घाण आमच्या घरची आहे."