रबरावर रबर

उघड्या बॉनेटखालून शिवी आली, तशी बायको शाल लपेटून पायरीवर आली. तोंडातून वाफ निघत होती.

"पुन्हा गळतंय?"

"थंडी आहे. रबर आक्रसतं. आत जा तू."

"अकराला डायलिसिस आहे. साडेनऊ वाजले."

"माहितीय! घड्याळ होऊ नकोस."

ऑइल फिल्टर त्यानं स्वतः कालच बदलला होता आणि सकाळी गाडीखाली तेलाचं थारोळं. बस डेपोत बत्तीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसानं स्वतःच्या टीचभर गाडीपुढे हात टेकायचे? त्यानं फिल्टर आणखी आवळला, इंजिन चालू केलं. तेल धारेनं उडालं.

फिल्टर काढून त्यानं, तो जिथे टेकतो त्या इंजिनावरच्या बैठकीवरून बोट फिरवलं. बोट फिरवल्याशिवाय फिल्टर चढवायचा नाही, हा डेपोचा नेम.

"साफ आहे."

"बघू," म्हणत बायकोनं उजवा हात आत घातला. "अहो, इथे काहीतरी चिकटलंय."

"तीस वर्षं भाकऱ्या भाजल्यास, आता इंजिन शिकव मला!"

तिनं नख खुपसलं. काळी कडी सुटून हातात आली. जुन्या फिल्टरचं रबर. ते गारठ्यात चिकटून राहिलं होतं आणि त्यावर त्यानं नवा फिल्टर चढवला होता. ह्या चुकीसाठी त्यानं नवशिक्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या होत्या.

"थंडीनं बोटं बधिर झाली असतील," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. पण त्या बोटांना शर्टाची बटणं उन्हाळ्यापासूनच लावता येत नव्हती. डेपोत डिझेलमध्ये कोपरापर्यंत हात बुडवून पार्ट धुवायचे. हातमोजे मागितले की फोरमन दात काढायचा, "हात काय लग्नाला न्यायचेत?" बत्तीस वर्षांत एक जोड मिळाला नाही हरामखोरांकडून. निरोपाला मात्र हार घातला.

फिल्टर बसला. डब्यात उरलेलं तेल इंजिनात ओतलं. इंजिनखाली थेंब नाही. पावणेअकराला गाडी हॉस्पिटलच्या फाटकाशी लागली, पण बायको उतरेना.

"रोज सकाळी माझ्या डाव्या हातावर बोटं ठेवता. 'चालू आहे' म्हणता. लागतं का हो काही?"

डायलिसिससाठी तिच्या त्या हातात शीर धमनीला जोडलेली होती. कातडीखाली रक्ताची थरथर बोटांना लागलीच पाहिजे, कान लावला तर तिची घरघरही ऐकू येते, थांबली तर तडक या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते काम त्यानं हट्टानं स्वतःकडे घेतलं होतं.

तो समोरच्या काचेकडे बघत राहिला. "उन्हाळ्यापासून नाही."

"मग म्हणत का होतात?"

"ऐकलं की तू अंथरुणातून उठायचीस."

तिनं शाल बाजूला केली, स्वेटरची बाही वर ओढली. त्यानं इंजिन बंद केलं, काचा वर घेतल्या आणि वाकून तिच्या हाताला कान लावला.

मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

"थांबा की जरा," बंद काचेआडूनच ती म्हणाली, "ऐकताहेत ते."