वस्तादांचा खोकला

पैज लागली ती एका खोकल्यावरून.

इमारतीच्या जिन्याखाली न्हाव्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक खुर्ची, एक आरसा आणि बाहेर एक बाक. दिवेलागणीला निम्मी इमारत त्या बाकावर येऊन टेकायची. त्या दिवशी गप्पा रंगात आल्या होत्या, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर, वस्तादांच्या कुलूपबंद खोलीपाशी कुणीतरी खोकलं. ठक, ठक, ठक असे तीन ठोके, आणि मागून दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी एक बारीक शीळ.

वस्ताद जाऊन चार महिने झाले होते, आणि त्यांची बायको गावी परतली होती.

न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठून उभं राहिलं. दूधवाला हळूच म्हणाला, "सलग तिसरा दिवस आहे हा."

"वस्तादच ते," जिन्यामागून हात पुसत नकल्या आला. "दुसरं कोण खोकणार असं? जीव अडकलाय त्यांचा खोलीत. एखादा दगड कापायचा राहिला असेल."

नकल्या म्हणजे दगड कापणारा कारागीर. ओट्याचे, बेसिनचे, पायऱ्यांचे दगड कापून द्यायचा. वय सेहेचाळीस. कानापासून ओठांपर्यंत पसरलेल्या गलमिशा, आणि त्यांच्याखाली कुणाचीही नक्कल करणारं तोंड. मालक, पोस्टमन, बिघडलेला पंखा, बायकोची आत्या, काहीही सांगा. खरं नाव लोक विसरलेच होते. बायको ते वापरायची, पण फक्त भांडताना.

बाकाच्या टोकाला शिवणकाकू काजं करत बसल्या होत्या. वस्तादांची भिंत आणि त्यांची भिंत एकच. मान वर न करता त्या म्हणाल्या, "भूतबीत काही नाही. जिवंत माणसाचा खोकला आहे तो."

"पैज?"

"लाव."

"पंधरा दिवसांत तो जिवंत माणूस दाखवा. दाखवलात तर या गलमिशा इथे, याच खुर्चीत, सगळ्यांदेखत उतरवीन. नाही दाखवलात तर एक पाय लाल आणि एक पाय पिवळा अशी पँट शिवायची, स्वतः घालायची आणि गल्लीला तीन फेऱ्या मारायच्या."

"शिट्टी वाजवत," न्हाव्याने भर घातली.

काकूंनी दोरा दातांनी तोडला. "मंजूर. खिसे मात्र माझ्या मनाचे लावणार."

आता यातली गंमत अशी, की जिन्यामागे पाण्याच्या टाकीशेजारून एक जुना पाइप वर गेलेला होता. पाणी त्यातून कधीच बंद झालेलं. वरचं तोंड बरोबर वस्तादांच्या दाराशी उघडं. खाली तोंड लावून खोकलं की वर वस्ताद हजर. नकल्याला हा शोध लागला तेव्हा तो दोन दिवस एकटाच हसत होता.

आणि खोकला तर त्याला तोंडपाठ होता. अकरा वर्षं तो वस्तादांच्या शेजारच्या मशीनवर उभा होता. हातात कटर कसा धरायचा तेही त्यांनीच शिकवलेलं. वस्ताद हयात असताना तो त्यांच्यासमोरच त्यांचा खोकला काढून दाखवायचा. वस्ताद हसायचे, हसता हसता त्यांना खरा यायचा, आणि मग कुणाचा कुठला ते कळायचं नाही.

पैजेनंतरचे दिवस मोठे मजेत गेले. दूधवाल्याने वर जाणं सोडलं, खालूनच हाका मारू लागला. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर, ज्यांनी जन्मात कुणाला नमस्कार केला नव्हता, ते जिन्यापाशी सोबतीची वाट बघत उभे राहू लागले. नकल्या त्यांना वर सोडून यायचा, आणि मग धावत टाकीमागे.

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी संध्याकाळी तो घरात बुटाच्या नाड्या सोडत बसला होता. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "घरात नको हो त्यांची नक्कल. तुमचं चालू दे बाहेर काय ते. गेलेल्या माणसाचा खोकला घरात बरा नाही वाटत."

नकल्याने वर बघितलं. नाडी हातातच राहिली.

त्याने नक्कल केलीच नव्हती.

"बरं," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? मग तो श्वास धरून बसला, चोर घरात शिरलाय आणि तो कुठे आहे ते ऐकायचंय, तसा. थोड्या वेळाने छातीच्या तळातून कुणीतरी दार ठोठावलं. ठक, ठक, ठक. आणि शीळ.

त्या रात्री पाइपापाशी तो गेला नाही. तरी सकाळी दूधवाला सांगत होता, की काल पहिल्या मजल्यावरसुद्धा ऐकू आलं. पहिल्या मजल्यावर नकल्याचं घर होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेला तेव्हा त्याला सगळं नव्याने दिसायला लागलं, आणि ते काही चांगलं दिसेना. कटरच्या पात्यावर पाणी सोडायला प्रत्येक मशीनला एक तोटी होती. वस्तादांच्या मशीनची तोटी तारेने करकचून बांधलेली. वस्तादांनीच बांधलेली. "रेघ दिसली पाहिजे," ते म्हणायचे. पेन्सिलची रेघ पाण्याने धुऊन जाते, चिखल उडतो, माप चुकतं. म्हणून पाणी बंद, सगळ्यांचंच. कोरडा दगड कापायचा, पांढरं पीठ उडवायचं, डोळे बारीक करून रेघेवरून पातं न्यायचं. जो जास्त पांढरा तो मोठा कारागीर. सुट्टी झाली की हवेच्या पाइपाने एकमेकांचे कपडे झटकायचे आणि घरी जायचं. पूर्वीच्या दगडाचं पीठ तरी खाली बसायचं. हल्ली हा कारखान्यात बनवलेला चकचकीत दगड येतो, त्याचं हवेतच तरंगत राहतं.

वस्तादांच्या मशीनवर आता त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. दीड वर्षापूर्वी नकल्यानेच त्याला इथे चिकटवलं होतं. भाऊजींच्या गलमिशा बघून त्यानेही दाढी राखलेली.

मेहुण्याने कटर बंद केला आणि तो वळला. डोकं पांढरं, भुवया पांढऱ्या, दाढी पांढरी. पाठीला तोच किंचित बाक, हात तसाच कमरेवर. समोर वस्ताद उभे होते, आणि त्यांच्या तोंडात मेहुण्याचे दात होते.

"काय बघताय, भाऊजी?" मेहुणा म्हणाला, आणि खोकला. एकच ठोका. शीळ अजून नव्हती.

संध्याकाळी जिना चढताना पहिल्या वळणावर नकल्याला थांबावं लागलं. वरून शिवणकाकू उतरत होत्या.

"पाइपात खोकणं सोडलंस वाटतं."

"कुठला पाइप, काकू?"

"अरे, वस्तादांच्या भिंतीला लागून अकरा वर्षं मशीन चालवलंय मी. त्यांच्या खोकल्यावर माझं पायडल चालायचं. पैजेच्या आठव्या दिवसापर्यंत तो तू काढत होतास. अगदी हुबेहूब. म्हटलं, खेळू दे. पण कालपासून तू काढत नाहीयेस. तो निघतोय."

नकल्याने विनोद शोधला. सापडला नाही.

"पैज मी आत्ताच खाली जाऊन जिंकेन," काकू म्हणाल्या, "पण अशी जिंकून मला झोप नाही लागायची. वस्तादांच्या बायकोबरोबर मी तीन दवाखाने फिरलेय. दोनदा क्षयाच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स दिला त्यांना, एकदा दम्याचा पंप. तिघांनी जीभ बघितली, छाती बघितली. पोटासाठी काय करता, ते एकानेही विचारलं नाही. आणि वस्ताद आपणहून सांगतील होय? तू आधी काम सांग, मग खोकला सांग. चावडीमागच्या त्या डॉक्टरीणबाईंकडे जा."

डॉक्टरीणबाईंकडे तो गेला, आणि सवयीने म्हणाला, "खोकला उसना आहे बाई. मित्राचा आहे." मग आधी काम सांगितलं. पेन टेबलावर ठेवून बाईंनी सगळं विचारून घेतलं. दगड कुठला, किती वर्षं, पाणी चालू की बंद, कपडे कोण धुतं. शेवटच्या प्रश्नाला नकल्याच्या डोळ्यांसमोर बायको आली, गॅलरीत त्याचा शर्ट झटकताना.

एक्स-रे उजेडावर लावला. फासळ्यांच्या आत, दोन्हीकडे, मैद्याची चिमूट भुरभुरावी तसे पांढरे ठिपके.

"हे निघेल?"

"नाही. आत बसलेली धूळ कुठल्याच औषधाने निघत नाही. नवी जाणं तेवढं थांबवता येतं. तुम्ही आता कटरपाशी उभं राहायचं नाही. थुंकीही तपासू, कारण ही धूळ क्षयाला दार उघडून देते."

"तोंडाला रुमाल बांधतो मी."

"तुम्हाला दिसते ती जाडी धूळ, ती रुमालात अडकते. छातीत जाऊन बसते ती दिसतच नाही, आणि रुमालातून आरामात जाते." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या शेजारी कोण असतं?"

"मेहुणा," नकल्या म्हणाला. "मीच चिकटवलाय त्याला."

सकाळी तो मुलीच्या दप्तरातला मेणाचा खडू घेऊन कारखान्यात गेला. वस्तादांच्या तोटीची तार पक्कडीने तोडली. दगडावर खडूने रेघ मारली, पाणी सोडलं. रेघ जागची हलली नाही. अकरा वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

"हे बघ," तो मेहुण्याला म्हणाला. "पाणी चालू, रेघ शाबूत. आणि कपाटावरचा खोका काढ. मास्क घाल. दाढी काढलीस तरच नीट बसेल."

सगळे कारागीर हसायला लागले. कारण खोका दोन वर्षांपासून तसाच कपाटावर होता. मालकाने दोन गोल डब्या लावलेले चांगले रबरी मास्क आणले होते, तेव्हा पहिला मास्क नकल्यानेच घातला, आणि हत्ती होऊन अख्ख्या कारखान्यात फिरला. हाताची सोंड करून हलवली, चित्कार केला, मालकाच्या खुर्चीला पाठ घासली. पोरं हसून हसून खाली बसली. त्यानंतर मास्क घालायला गेलं की कुणीतरी चित्कार करायचं. खोका जो कपाटावर चढला तो तिथेच. अर्थात नकल्याला तो मास्क नीट बसलाही नव्हता. गलमिशांच्या बाजूने वारा आत येत होता.

"डॉक्टरांनी सांगितलंय रे," नकल्या म्हणाला. "वस्तादांना हेच झालं होतं. मला झालंय. एक्स-रे आणलाय."

मेहुण्याने एक्स-रे उजेडाकडे धरला, उलटा. "भाऊजी, कुणाच्या छातीचा आणलात हा? पैज संपत आली म्हणून नवीन काढलंत ना काहीतरी? आणि दगड आता रंगीत खडूने कापायचे." त्याने तोटी बंद केली, पेन्सिल कानावरून काढली आणि पांढऱ्या धुरळ्यात पुन्हा दिसेनासा झाला.

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण मेहुण्याला खरोखर मजा वाटत होती. आयुष्यभर ज्याने लोकांना फसवलं, त्याची छातीसुद्धा लोकांना थापच वाटणार.

बायकोला त्याने सांगितलं. तिने त्याला खऱ्या नावाने हाक मारली. भांडण नसताना. नकल्याला एक्स-रेपेक्षा त्याची जास्त भीती वाटली.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी बाक भरला. जिन्यावरही लोक बसले. न्हाव्याने शिट्टी आणून ठेवली होती. शिवणकाकूंच्या हातात घडी घातलेली पँट, एक पाय लाल, एक पिवळा. मेहुणा पुढेच उभा होता, दात काढून.

"काकूंना माणूस सापडलेला नाही," दूधवाल्याने जाहीर केलं. "घाला पँट, काकू."

काकू नकल्याकडे बघत होत्या. त्याने नुसतं गप्प बसायचं होतं, की पैज त्याची.

नकल्या जाऊन न्हाव्याच्या खुर्चीत बसला. "थांबा," तो म्हणाला. "ऐका." आणि त्याने वस्तादांचा खोकला काढला. तीन ठोके, शीळ. हशा पिकला. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "पैजेच्या आठव्या दिवसापर्यंत हा मी होतो. टाकीमागचा पाइप बघून या."

"आता गप्प बसा," तो पुढे म्हणाला, "आणि दुसरा ऐका."

लोक वाट बघू लागले. नकल्याने हात गुडघ्यांवर ठेवले, तोंड मिटून घेतलं. काही वेळ नुसता पंखा फिरत होता. मग ते खालून वर आलं. ठक. त्याने ओठ घट्ट दाबले तरी आलं. ठक, ठक. मान लाल झाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी ती शीळ, नक्कल करताना कधी जमली नव्हती एवढी लांब.

कुणी हसलं नाही. एकजण हसायला गेला आणि राहिला.

"हा मी काढला नाही," नकल्या म्हणाला. "जिवंत माणसाचाच आहे. काकू जिंकल्या. घे रे वस्तरा."

न्हावी पुढे झाला नाही. "अरे, वीस वर्षांच्या आहेत."

"घे."

डाव्या बाजूचा पहिला झुबका मांडीवर पडला तेव्हा मेहुण्याचे दात झाकले गेले. थापेसाठी भाऊजी काय काय करतील ते त्याला ठाऊक होतं. नेमकं हेच ते कधी करणार नाहीत, हेही ठाऊक होतं. न्हावी हलक्या हाताने चालला होता. मधेच नकल्याच्या छातीत ठोका पडायचा, मग न्हावी वस्तरा वर उचलायचा, शीळ संपेपर्यंत थांबायचा, आणि पुन्हा टेकवायचा. त्याच्याबरोबर सगळी गल्ली थांबायची.

आरशात हळूहळू एक अनोळखी माणूस येत होता. गाल खोल गेलेले, वस्तादांसारखे.

काकू उठल्या आणि लाल-पिवळी पँट मेहुण्याच्या खांद्यावर टाकली. "कारखान्यात ठेव ही. कामाला घालायची, तिथेच उतरवायची. ही घालून घरी यायची लाज वाटेल, म्हणजे धूळही घरी यायची नाही. बाकीच्यांच्या शिवते आहे. सगळ्या अशाच."

मेहुण्याने पँट हातात घेतली. मग दाढीवरून हात फिरवला, एकदा खाली, एकदा वर. खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत तो बाकाच्या कडेला टेकला.

"भाऊजी," तो म्हणाला, "तो खडू कुठे ठेवलात?"

नकल्याला बोलता येत नव्हतं. उजवी बाजू अजून व्हायची होती आणि न्हाव्याचा वस्तरा पुन्हा वर थांबलेला होता. त्याने नुसतं खिशाकडे बोट दाखवलं.