भोंग्यावरची गंमत

“तो उंच काळा पंख दिसला? अख्ख्या माणसाच्या उंचीचा? तो मुलगा. आणि त्याच्या अंगाला अंग लावून पोहतेय ती त्याची आई,” बाई भोंग्यावर सांगत होत्या आणि बोट कलेल की काय इतके प्रवासी उजव्या कठड्याशी गोळा झाले होते.

लोकांना ऑर्का देवमासे दाखवायला नेणाऱ्या या बोटीवरच बाईंचा संसार झाला म्हणायचा. आधी नवरा इंजिन सांभाळायचा, तो गेल्यावर मुलगा सांभाळू लागला. बाई वर बोलायच्या, मुलगा खाली इंजिनाच्या खोलीत. कप्तान म्हणायचा, “मावशी, डिझेल संपलं तर चालेल, तुमचं तोंड थांबलं तर बोट बुडायची.”

“ऑर्काचा मुलगा कितीही वाढला तरी आईला सोडत नाही,” बाई रंगात आल्या होत्या. “मुलीही जवळच राहतात, पण त्यांना पोरंबाळं होतात, त्या त्यांच्यात रमतात. हा घोडा मात्र आईच्या मागेमागे. म्हातारी मासा पकडते, दातांनी दोन तुकडे करते, अर्धा याला.” इथे त्या नेहमी जरा थांबायच्या. “माझ्याही घरी एक आहे. त्रेचाळिशीचा. अजून माशाचे काटे आईने काढून द्यायचे. लग्नाचं विचारलं की इंजिनात डोकं घालतो.”

सगळे हसले. या जागी हसायचेच.

कप्तान हसला नाही. त्याने सुकाणूवरचा एक हात काढून बाईंच्या माइकवर ठेवला. “मावशी, खालचा भोंगा चालू आहे. सकाळीच दुरुस्त केला त्याने. म्हणाला, आई एवढं काय सांगते ते मलाही ऐकू दे.”

खालचा भोंगा कित्येक वर्षं मुका होता. त्याच भरवशावर ही गंमत वाढत गेली होती. सुरुवातीला नुसतं ‘माझ्याही घरी एक आहे’ एवढंच होतं. लोक हसले, तेव्हा काटे आले. आणखी हसले, तेव्हा लग्न आलं.

बाईंची कानशिलं तापली. प्रत्येक कुटुंबाच्या हाका वेगळ्या असतात, पिल्लं त्या आईकडूनच शिकतात, हे त्यांनी कसंबसं उरकलं. कठड्याशी उभ्या असलेल्या एका मुलीने विचारलं, “आजी, आई मेल्यावर तो काय करतो?”

“बहुतेकदा फार काळ काढत नाही गं,” बाई म्हणाल्या आणि माइक ठेवून दिला.

दुपारी बोट धक्क्याला लागल्यावर मुलगा वर आला. कपाळावर तेलाचा डाग होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि घाईने पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

“आई, ऊन फार आहे. डोक्यावर काहीतरी घे,” एवढंच म्हणाला आणि परत खाली गेला.

भांडला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. कारण खरं काय ते त्या दोघांनाच ठाऊक होतं. नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी मुलाला मोठ्या जहाजावर नोकरी लागली होती. बॅग भरून दाराशी उभी होती. बाईंनी अंथरूण धरलं. ताप नव्हता, खोकला नव्हता. नुसतं भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “तू जा, माझं मी बघेन.” मुलाने बॅग उघडली आणि कपडे पुन्हा फळीवर लावले. बाई पडल्या पडल्या ऐकत होत्या, आणि त्यांना हायसं वाटलं होतं.

संध्याकाळच्या फेरीला ऑर्कांचं तेच कुटुंब पुन्हा दिसलं. बोलता बोलता बाई त्या नेहमीच्या जागी आल्या, थांबल्या. कप्तान समोरच्या पाण्याकडे बघत राहिला.

“मुलगा आईला सोडत नाही, असं मी सांगत आले,” त्या म्हणाल्या. “तसं नाही ते. म्हणजे, ऑर्काचं तसंच आहे. माणसाचं नाही. माझा मुलगा निघाला होता. मीच जाऊ दिलं नाही. काटे... काटे त्याला काढता येतात.”

प्रवाशांना काही कळलं नाही. दोघा-तिघांनी उगाच टाळ्या वाजवल्या.

बोट धक्क्याला लागली, लोक उतरले. बाई कठडा धरून इंजिनाच्या खोलीचा जिना उतरल्या. या खोलीत त्या किती वर्षांनी येत होत्या कोण जाणे. भिंतीवर भोंगा होता, त्याची वायर सोडवून नीट गुंडाळून खिळ्याला अडकवलेली होती.

“कधी काढलीस रे?”

“सकाळच्या फेरीतच.”

“का?”

“खरखर येत होती.” तो फडक्याने हात पुसत राहिला.

“मी आत्ता वर सांगितलं, की...” बाईंचा आवाज खाली गेला आणि इंजिनाच्या घरघरीत विरून गेला. आयुष्यभर माइकवर बोललेली बाई. आवाज चढवायची वेळच कधी आली नव्हती.

“काय?”

बाईंनी मान हलवली. काही नाही, जाऊ दे, अशी.

मुलाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून इंजिन बंद केलं. पालथी बादली पुढे सरकवली, तिच्यावर फडकं टाकलं, आणि त्या बसेपर्यंत उभा राहिला.